जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलावा? पुण्यातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर १० वर्षांची आणि पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांची मर्यादा घातली गेली, तशी मर्यादा महाराष्ट्रात नाही. १५ वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी करून आणि पर्यावरण कर भरून गाडी पुढे चालवता येते, त्यामुळे एमएच-१२ आणि एमएच-१४ क्रमांकाच्या बऱ्याच वयस्कर गाड्या आजही रोजच्या वापरात आहेत. मात्र फेरनोंदणीच्या वेळी किंवा पीयूसी काढताना इंजिनावरचे झाकण उघडून टायमिंग बेल्ट कोणी पाहत नाही. तो पाहण्याची आणि वेळेवर बदलण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकाची असते. पुढील प्रश्नोत्तरे प्रामुख्याने दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी आहेत.

टायमिंग बेल्टचे काम नेमके काय असते?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, त्याला पिस्टन फिरवतात. वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, कॅमशाफ्ट असतो आणि तो वॉल्व (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडतो व मिटतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हावा लागतो, आणि हे प्रमाण एका दात्यानेही चुकून चालत नाही. हे दोन शाफ्ट एकमेकांना जोडून ठेवणारा, आतल्या बाजूने दाते असलेला रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. काही डिझेल इंजिनांत तोच बेल्ट डिझेल पंपही फिरवतो, तर काही इंजिनांत वॉटर पंप फिरवतो.

बॉनेट उघडल्यावर बाहेरून दिसतो तो हा बेल्ट नव्हे. तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर वगैरे फिरवणारा बेल्ट असून गॅरेजमध्ये त्याला सर्रास फॅन बेल्ट म्हणतात. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या बंद आवरणामागे असतो. ‘बेल्ट मागच्याच वर्षी बदलला’ असे सांगणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात फॅन बेल्ट बदललेला असतो, म्हणून बिलावर कोणत्या बेल्टचे नाव लिहिले आहे ते आधी पाहावे.

माझ्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे कसे कळेल?

गाडीच्या नावावरून नव्हे, तर इंजिनावरून. पद्मिनी आणि अँबेसेडर यांच्या मूळ इंजिनांत चेन होती. रबरी टायमिंग बेल्ट आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो १९८३ साली आलेल्या मारुती ८०० बरोबर. त्यानंतरच्या गाड्यांत दोन्ही पद्धती आढळतात आणि एकाच नावाच्या गाडीतही फरक असतो. ८०० सीसीच्या अल्टोला बेल्ट आहे, परंतु अल्टो के१० ला चेन आहे. स्विफ्टच्या सुरुवातीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाला बेल्ट होता. पुढे आलेल्या १.२ लिटर के-सीरिज इंजिनाला चेन आहे आणि १.३ लिटर डिझेललाही चेनच आहे. आय१० चे १.१ लिटरचे इंजिन बेल्टचे, तर १.२ लिटर कप्पा इंजिन चेनचे. होंडा सिटीच्या १९९८ ते २००३ या काळातील पहिल्या पिढीत बेल्ट होता, नंतरच्या पिढीत चेन आली.

पुण्यातच जन्मलेल्या इंडिकाची गोष्ट अशीच आहे. तिच्या जुन्या १.४ लिटर डिझेल इंजिनाला बेल्ट आहे, तर नंतर बसवलेल्या १.३ लिटर क्वाड्राजेट इंजिनाला चेन आहे. जुनी सँट्रो, पहिली वॅगन आर, झेन, एस्टीम, पॅलिओ व पुंटोची पेट्रोल इंजिने, डस्टर आणि लोगनचे १.५ लिटर डिझेल, पोलो-व्हेंटोची डिझेल इंजिने आणि ऑक्टाव्हियाचे १.९ लिटर डिझेल ही सर्व बेल्टची इंजिने होत. इनोव्हाच्या २.५ लिटर डिझेलला बेल्ट आहे, पण क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलला चेन आहे. शंका असेल तर आरसी पुस्तकावरचा इंजिन क्रमांक आणि गाडीचे निर्मितिवर्ष घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे. हे सांगण्याचे कोणी पैसे घेत नाही.

किती किलोमीटरनंतर बेल्ट बदलावा?

सर्व गाड्यांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या इंजिनांसाठी तो साधारणपणे ६० हजार ते १ लाख किलोमीटर या पट्ट्यात येतो, काही डिझेल इंजिनांसाठी त्याहून पुढे जातो. गाडीबरोबर मिळालेल्या मालक-पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्यात तो छापलेला असतो. तक्त्यात ‘तपासा’ आणि ‘बदला’ यांसाठी वेगवेगळी अक्षरे वापरलेली असतात, तेव्हा त्यांचा अर्थ त्याच पानावर खाली दिलेल्या सूचीतून पाहावा, कारण ‘तपासा’ हाच ‘बदला’ समजणारे आणि ‘बदला’ला ‘तपासा’ समजणारे असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. त्याच तक्त्यात किलोमीटरसोबत महिन्यांचा किंवा वर्षांचा आकडा दिलेला असेल, तर दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल ते धरायचे असते. हे शेवटचे वाक्यच बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

गाडी वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालते. तरीही बेल्ट बदलायला हवा का?

होय, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. कोथरूड, सहकारनगर, औंध यांसारख्या भागांत निवृत्त मालकांच्या अशा असंख्य गाड्या आहेत: दर आठवड्याला मंडईची एखादी फेरी, महिन्यातून एकदा बँकेचे काम, वर्षातून एक-दोनदा गावी किंवा कोकणात जाणे. चौदा वर्षांच्या अशा गाडीचे मीटर ४५ हजार दाखवते, मालक पुस्तिकेतला ८० हजारांचा आकडा पाहतो आणि अजून निम्मी वाट शिल्लक आहे असे मानतो. या हिशेबाने बेल्ट बदलण्याची वेळ गाडी भंगारात गेली तरी येणार नाही.

रबर चालल्याने झिजते तसे नुसते राहिल्यानेही म्हातारे होते. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांमुळे ते हळूहळू कडक होते आणि त्याचा लवचिकपणा जातो. बेल्टच्या आत काचतंतूंचे दोर असतात. खेच सहन करण्याचे काम तेच करतात, आणि रबराची त्यांच्यावरची पकड सैल झाली की दाते मुळापासून सुटू लागतात. शिवाय महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत बेल्टचा तोच भाग पुलीभोवती वळलेल्या अवस्थेत राहतो आणि टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगमधले ग्रीस सुकत जाते. त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचा बेल्ट अधिक सुरक्षित असतो, ही समजूत चुकीची आहे.

पुस्तिकेत वर्षांची मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. दिलेली नसेल तर पाच ते सहा वर्षे ही व्यवहारातली मर्यादा आम्ही सुचवतो, आणि कोणत्याही परिस्थितीत सात वर्षांपलीकडे जाऊ नये असे आमचे मत आहे. कारखान्यातून आलेला मूळ बेल्ट दहाव्या वर्षीही गाडीत असेल, तर मीटर काहीही दाखवत असले तरी पुढचा लांबचा प्रवास तो बदलल्याशिवाय करू नये.

पुण्यातल्या वाहतूक कोंडीचा बेल्टवर परिणाम होतो का?

होतो, कारण मीटर चाकांचे फेरे मोजते आणि बेल्ट इंजिनाचे. उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. हिंजवडीला किंवा सिंहगड रस्त्याने ये-जा करणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर आणि इंजिनाचे सरासरी फेरे मिनिटाला १,५०० धरले, तर ६० किलोमीटर कापायला ३ तास लागतात आणि तेवढ्यात इंजिनाचे २,७०,००० फेरे होतात. तेच ६० किलोमीटर साताऱ्याच्या रस्त्याने ताशी ६० च्या वेगाने आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांनी गेल्यास एका तासात १,२०,००० फेरे होतात. मीटरवर दोन्हीकडे सारखेच अंतर नोंदले जाते, पण शहरातल्या गाडीचा बेल्ट दुपटीहून अधिक फिरलेला असतो. त्यातच एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकलेला असताना सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली वारा खेळत नाही, आणि ती उष्णता रबरालाच सोसावी लागते.

मालक-पुस्तिकांमध्ये बहुधा ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असा वेगळा तक्ता असतो. धूळ, सतत थांबत-सुरू होत चालणे, लहान अंतरांच्या फेऱ्या आणि तीव्र उष्णता या गोष्टी त्यात मोडतात. पुणे शहरात रोज चालणारी गाडी या तक्त्यातच बसते, याविषयी आम्हाला तरी शंका वाटत नाही. सीएनजी किटमुळे बेल्टच्या आयुष्यात फरक पडत नाही, मात्र सीएनजीची गाडी सहसा जास्त चालते, इतकेच.

बेल्ट खराब झाल्याचे आवाजावरून किंवा पाहून कळते का?

खात्रीने कळत नाही. सकाळी गाडी सुरू करताना येणारा किंचाळल्यासारखा आवाज बहुतेक वेळा फॅन बेल्टचा असतो. टायमिंग बेल्ट दात्यांवर चालत असल्याने तो तसा घसरत नाही आणि बहुधा कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. आवरणामागून सतत घरघर किंवा शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तो चढत-उतरत असेल, तर टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. तो आवाज दुर्लक्ष करण्याजोगा नसतो, कारण बेअरिंग जाम झाले की धडधाकट बेल्टसुद्धा काही क्षणांत निकामी होतो.

काही गाड्यांत वरचे आवरण दोन-तीन क्लिपा किंवा बोल्ट काढून सोडवता येते. आतल्या बेल्टला चिरा दिसत असतील, कडेचे धागे निघाले असतील, दाते झिजले असतील, किंवा बेल्ट तेलाने अथवा कूलंटने ओला झालेला असेल, तर निर्णय तिथेच झाला. परंतु उलट अर्थ काढता येत नाही. अलीकडच्या बेल्टचे रबर आतून थकल्यावरही वरून काळेभोर आणि स्वच्छ दिसते. बोटाने दाबून ‘अजून वर्षभर जाईल’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे तसे सांगण्यासाठी कोणतेही साधन नसते.

डॅशबोर्डवर टायमिंग बेल्टचा दिवा लागतो, तो लागेपर्यंत थांबले तर?

क्वालिस आणि जुनी इनोव्हा यांसारख्या टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत असा दिवा आहे. तो बेल्टची अवस्था तपासत नाही; ठरावीक किलोमीटर पूर्ण झाले की लागतो, आणि बेल्ट बदलल्यावर मिस्त्रीने तो पुन्हा शून्यावर आणायचा असतो. त्याला वर्षे मोजता येत नाहीत. शिवाय बेल्ट न बदलता नुसता दिवा घालवता येतो, ही गोष्ट जुनी इनोव्हा विकत घेणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी.

बेल्ट तुटला तर काय होते?

इंजिन तत्क्षणी बंद पडते. कॅमशाफ्ट जिथल्या तिथे थांबतो, पण क्रँकशाफ्ट आणि पिस्टन वेगामुळे आणखी काही फेरे फिरतात. पुढचा परिणाम इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असतो. काही इंजिनांत पूर्ण उघडा वॉल्व आणि वर आलेला पिस्टन यांच्यात अंतर राहते. तिथे नवा बेल्ट चढवून, टायमिंग जुळवून गाडी पुन्हा सुरू होऊ शकते. ज्या इंजिनांत एवढी जागा नसते त्यांना इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात, आणि त्यांत पिस्टन उघड्या वॉल्ववर आदळून वॉल्व वाकतात. डिझेल इंजिनांत कॉम्प्रेशन जास्त ठेवायचे असल्याने ही जागा जवळपास नसतेच, म्हणून डिझेल गाडीचा बेल्ट तुटणे म्हणजे हेड उतरवावे लागणार असेच समजावे. वाकलेल्या वॉल्वबरोबर वॉल्व गाइड जातात, हेड गॅस्केट नवे लागते, हेड मशीन शॉपमध्ये तपासणीसाठी आणि फेसिंगसाठी (पृष्ठभाग सपाट करण्यासाठी) पाठवावे लागते, कधी पिस्टनवर खुणा उमटतात, कधी कॅमशाफ्टच मोडतो. हा खर्च वेळेवर बदललेल्या बेल्टच्या खर्चाच्या अनेक पटींनी असतो, आणि गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये पडून राहते ती वेगळीच.

आपले इंजिन यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, याविषयी ऐकीव माहितीवर विसंबू नये. ‘या गाडीला काही होत नाही’ हे वाक्य त्याच नावाच्या पण वेगळ्या इंजिनाच्या गाडीवरून आलेले असू शकते.

घाटात किंवा महामार्गावर बेल्ट तुटला, तर त्या क्षणी काय करावे?

घाबरून किल्ली पूर्ण मागे फिरवू नये, कारण स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. इंजिन बंद पडल्याने पॉवर स्टिअरिंग जड होते, पण गाडी वळते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्याइतके साहाय्य शिल्लक असते, म्हणून ब्रेक वारंवार सोडून-दाबून ते वाया घालवू नये. एकसारखा, घट्ट दाब देऊन गाडी डाव्या बाजूला घ्यावी आणि धोक्याचे दिवे लावावेत. खंबाटकी किंवा कात्रजच्या उतारावर हँडब्रेक ओढून चाकांना उताराच्या बाजूने दगड लावणेही आवश्यक आहे.

त्यानंतरची सूचना सर्वांत मोलाची आहे: पुन्हा सेल्फ मारून पाहू नये आणि धक्का देऊन गाडी सुरू करण्याचा प्रयत्न तर अजिबात करू नये. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला पिस्टन पुन्हा उघड्या वॉल्ववर आदळतात, आणि जे वॉल्व वाचले असते तेही वाकतात. मदतीला धावून येणारे लोक ‘धक्का मारू या का’ हेच आधी विचारतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणावे. सेल्फ चुकून मारला गेलाच आणि इंजिन नेहमीपेक्षा हलके, अडथळा नसल्यासारखे गरगर फिरले, तर बेल्ट तुटल्याची ती मोठी खूण आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किंवा क्रेनच्या सपाट गाडीवर चढवून न्यावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

जुनी गाडी विकत घेतली आहे. आधीच्या मालकाने बेल्ट बदलला होता की नाही, हे कसे ठरवावे?

बिल, सर्व्हिस सेंटरची नोंद किंवा आवरणावर चिकटवलेला तारीख व किलोमीटर लिहिलेला स्टिकर यांपैकी काहीही मिळाले नाही, तर बेल्ट बदललेला नाही असेच धरावे. विकणाऱ्याच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचा हा प्रश्न नाही. त्यालाही बहुधा ठाऊक नसते, कारण गाडी त्याच्याकडेही दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेली असते. मीटर मागे फिरवण्याचे प्रकार जुन्या गाड्यांच्या बाजारात नवीन नाहीत, तेव्हा मीटरवरच्या आकड्यावरून बेल्टचे वय काढणे अधिकच धोक्याचे ठरते. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जात असेल तर नोंदणी क्रमांकावरून जुनी नोंद निघू शकते, आणि ती व्यवहारापूर्वीच मागावी. नोंद नसल्यास बेल्टचा खर्च किमतीतून कमी करून मागणे रास्त आहे.

फक्त बेल्ट बदलला तर चालेल का?

चालेल, पण ते शहाणपणाचे नाही. या कामात बेल्टची किंमत लहान आणि तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरी मोठी असते. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर बदलावेत, कारण तेही तेवढीच वर्षे फिरलेले असतात आणि त्यांचे बेअरिंग अडकले तर नवा बेल्ट काही महिन्यांत जातो. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, जसा तो डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये, फियाटच्या फायर पेट्रोल इंजिनांत किंवा ऑक्टाव्हियाच्या १.९ डिझेलमध्ये चालतो, तर तोही त्याच वेळी बदलावा आणि कूलंट नवे भरावे. कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टच्या पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असल्यास सील बदलल्याशिवाय आवरण बंद करू देऊ नये. तेल लागलेले रबर फुगते आणि मऊ पडते.

पार्ट कुठून घ्यावेत?

कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून, किंवा गेट्स, कॉन्टिटेक, डेको, आयएनए, एसकेएफ अशा नावाजलेल्या कंपन्यांचा संच अधिकृत विक्रेत्याकडून. बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर एकाच खोक्यात मिळणारा संच सोयीचा पडतो. नाना पेठेत जवळपास प्रत्येक जुन्या गाडीचा भाग मिळतो आणि भावही चांगला असतो, पण तिथे पक्के बिल घ्यावे आणि खोक्यावरचा क्रमांक इंजिन क्रमांकाशी ताडून पाहावा, कारण दात्यांची संख्या सारखी असूनही दात्यांचा आकार वेगळा असू शकतो. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट मालही विकला जातो: पुसट छपाई, बेल्टवर निर्मितीची खूणच नसणे, आणि संशय यावा इतकी कमी किंमत, ही त्याची लक्षणे. जुन्या बाजारातून गाडीचा आरसा किंवा व्हीलकॅप जरूर आणावी. बेल्ट आणि टेन्शनर मात्र वापरलेला कधीही घेऊ नये.

काम कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये करावे की अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये?

पाटीपेक्षा तुमच्या इंजिनाचा अनुभव महत्त्वाचा. मारुती, सँट्रो किंवा इंडिकाचे काम शहरातले कितीतरी स्वतंत्र मिस्त्री उत्तम करतात. युरोपीय डिझेल इंजिनांची गोष्ट निराळी आहे. तिथे कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट जागेवर अडकवून ठेवणाऱ्या खास पिना लागतात आणि त्या ज्याच्याकडे नाहीत त्याने व्हाइटनरच्या खुणा करून भागवू नये. काम देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: लॉकिंगचा संच आहे का, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) वापरता का, आणि काढलेले जुने भाग परत देणार का.

काम इंजिन थंड असताना व्हावे. बेल्ट चढवताना तो पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने रेटून बसवू नये, त्याला मुडपू नये. टेन्शनरचा ताण कंपनीने सांगितल्याप्रमाणे लावून झाल्यावर क्रँकशाफ्ट हाताने, पान्याच्या साहाय्याने, दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. सेल्फ त्यानंतरच मारायचा. कुठे अडखळल्यासारखे वाटले तर जोर न लावता तिथेच थांबावे. हा टप्पा दहा मिनिटांचाही नसतो, पण तो घाईत गाळला गेला तर एका दात्याची चूक सुरू झालेल्या इंजिनातच उघड होते. शक्य असल्यास मालकाने या वेळी समोर उभे राहावे. चांगल्या मिस्त्रीला त्याचे वाईट वाटत नाही.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली होती. बेल्ट बदलावा का?

बदलावा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने एकतानगरीत झालेली स्थिती यांत पार्किंगमधल्या अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. टायमिंग बेल्टचे आवरण धूळ अडवते, पण साचलेले पाणी अडवत नाही. पाणी निघून जाते आणि बारीक गाळ पुलीच्या दात्यांत व बेअरिंगांत राहतो. गाडी सुरू करण्याआधीच आवरण उघडून साफसफाई करावी आणि बेल्ट व दोन्ही बेअरिंगे बदलावीत.

गाडीला चेन आहे, म्हणजे चिंता नाही ना?

चेनला ठरलेली मुदत बहुधा नसते, पण तीही झिजून लांब होते आणि तिचे आयुष्य इंजिन ऑइलवर अवलंबून असते. ऑइल बदलण्यात वारंवार दिरंगाई झालेल्या गाडीत थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल, तर चेन व तिचा टेन्शनर तपासून घ्यावा. फियाट आणि टाटांच्या गाड्यांसाठी रांजणगावात बनलेले १.३ लिटर मल्टिजेट चेनचे असले, तरी लाखाच्या पुढे गेलेल्या अशा इंजिनाचा हा आवाज काही मिस्त्री लांबूनच ओळखतात.

तिसरा प्रकार म्हणजे इंजिन ऑइलमध्येच भिजत चालणारा बेल्ट. इकोस्पोर्टच्या १ लिटर इकोबूस्ट इंजिनात तो आहे. तिथे कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरणे अनिवार्य आहे, अन्यथा बेल्टचे कण सुटून ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि बेल्ट शाबूत असतानाच इंजिन ऑइलअभावी जाते.

बेल्ट तुटून झालेले नुकसान विमा भरून देतो का?

नाही. सर्वसमावेशक पॉलिसीतही यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे जादा संरक्षण मुख्यतः पाणी शिरणे किंवा ऑइल गळणे यांसाठी असते. रस्त्यावरील मदतीचे कलम घेतले असेल तर गाडी ओढून नेण्याचा खर्च तेवढा सुटतो.

गाडीची किंमतच फार उरलेली नाही. हा खर्च करावा का?

गाडी येत्या काही महिन्यांत मोडीत काढायची असेल आणि तोवर शहराबाहेर न्यायची नसेल, तर न केलेला बरा. पण आणखी दोन वर्षे जरी वापरायची असेल, तरी तुलना बेल्टचा खर्च आणि गाडीची बाजारभावाने येणारी किंमत यांची करू नये. बेल्टचा खर्च एका बाजूला आणि हेडचे काम किंवा तेवढ्याच भरवशाची दुसरी गाडी घेण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करावी. फेरनोंदणीसाठी पैसे भरून गाडीचे आयुष्य कागदावर पाच वर्षांनी वाढवून घेणारा मालक बेल्टवर मात्र काटकसर करतो, हे आम्हाला न उलगडलेले कोडे आहे. फेरनोंदणीच्या वर्षातच बेल्ट बदलून टाकण्याची पद्धत ठेवली, तर पुढची तारीखही सहज लक्षात राहते.

बेल्ट बदलल्यानंतर काय काळजी घ्यावी?

बिलावर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांची नावे स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेला स्टिकर आवरणावर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला लावून घ्यावा. पहिले काही दिवस आवरणामागून नवा आवाज येतो का याकडे लक्ष द्यावे. घरघर किंवा घासल्याचा आवाज आला तर ताण कमी-जास्त झालेला असू शकतो, तेव्हा गाडी तशीच न चालवता परत न्यावी. वॉटर पंप बदलला असल्यास आठवडाभराने, सकाळी इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पाहावी आणि गाडीखाली ओल दिसते का ते तपासावे.